काजू आपला, मग बी आफ्रिकेची कशाला?

वेंगुर्ल्याकडे हे हमखास ऐकू येतं: "ज्या देशात जे पिकतं, तेच तो विकतो. आपल्याकडे काजू असताना बाहेरची बी आणणं म्हणजे तोटाच." मनापासून सांगते, हा समज चुकीचा आहे.

रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञाने हे १८१७ सालीच दाखवलं होतं. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला वाइन आणि कापड दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात जमतं. ठरावीक वाइनला वर्षभर ८० माणसं, ठरावीक कापडाला ९०. तेवढ्यालाच इंग्लंडला १२० आणि १००. तरी पोर्तुगालने वाइनच करावी, कापड विकत घ्यावं, कारण वाइनमध्ये त्याची सरशी जास्त आहे.

पण ही सरशी येते कुठून? हेक्शर आणि ओलिन हे स्वीडिश अर्थतज्ज्ञ म्हणतात, देशाकडे जे मुबलक, त्यातून. आपल्याकडे मुबलक आहेत ते सरावाचे हात. कारखान्यात बायका चिकाने हात पोळू नयेत म्हणून तेल लावून बसतात, उकडलेली बी कटरवर फोडतात, मग सुरीच्या टोकाने साल सोलतात. गर तुटला की भाव उतरला. आयव्हरी कोस्टची बी इथे येते ती या कामासाठी. आपलं पीक कारखान्यांना वर्षभर पुरतही नाही.

अर्थात ही सरशीही कायमची नाही. व्हिएतनामने तीच आफ्रिकन बी यंत्रांवर फोडून आपल्याला मागे टाकलं.