ऑनलाइन डिग्रीची बातमी: आज क्रांती, उद्या फसवणूक

ऑनलाइन डिग्रीला किंमत असते का, हा मथळा दर दोनचार महिन्यांनी कुठे ना कुठे येतोच. आणि बातमी वाचायला घेतली की ती दोनपैकी एका साच्यातली निघते, एकतर आता विद्यापीठांच्या इमारती ओस पडणार, नाहीतर सावधान, हा कागद कुठेच चालणार नाही. हे दोन्ही साचे इंटरनेटच्या कितीतरी आधीचे, अगदी पोस्टाच्या काळातले आहेत, म्हणून जरा मागून सुरू करतो.

१८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या. म्हणजे मेडिकल सोडलं तर तुम्ही कुठल्या कॉलेजात बसलात, कोणाकडे शिकलात, हे कोणी विचारणार नाही, पेपर द्या, पास व्हा, डिग्री घ्या. शिकवणं वेगळं आणि शिक्का वेगळा अशी ही फोड झाली आणि आज जो वाद चाललाय तो माझ्या मते याच फोडीवरचा आहे, फक्त बातमीत तो तसा मांडलेला क्वचितच दिसतो.

अमेरिकेत तर पोस्टाने शिकवण्याच्या धंद्याचं मूळच एका छापखान्यात आहे. पेनसिल्व्हेनियात थॉमस फॉस्टर नावाचे एक संपादक होते, खाणकामगारांसाठी वृत्तपत्र काढायचे, त्यात खाणीतल्या सुरक्षिततेवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर चालायचं. त्या सदरातून पोस्टाने चालणारा कोर्स निघाला आणि १८९१ मध्ये स्क्रँटनमध्ये इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स उभी राहिली. पुढे असल्या कोर्सच्या जाहिराती मासिकांच्या पानांवर काय आणि काडेपेटीच्या कव्हरवर काय, सगळीकडे. क्रांतीचं भाकीतही त्याच सुमाराचं. विल्यम रेनी हार्पर १८८०च्या दशकात म्हणत होते की एक दिवस वर्गात जितकं शिकवलं जातं त्यापेक्षा जास्त काम पत्रांतून होईल. हेच हार्पर नंतर शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले, म्हणजे माणूस हवेत बोलणारा नव्हता.

फसवणुकीच्या साच्यातली गाजलेली बातमी १९७० ची. जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी द अटलांटिक मासिकात, पोस्टाने लेखन शिकवणाऱ्या फेमस रायटर्स स्कूलची पिसं काढली. जाहिरातीत नामवंत लेखकांचे फोटो, जणू तेच तुमची वही तपासणार, प्रत्यक्षात ते वहीला हातही लावत नव्हते, आणि कंपनीचं गणित बसत होतं ते भरपूर फी भरून मधेच सोडून देणाऱ्यांवर. दोनेक वर्षांत संस्थेचं दिवाळं वाजलं. बातमीदारीचा हा उत्तम नमुना आहे यात वाद नाही, पण यानंतर दुरून शिकवणं म्हटलं की आधी वास घ्यायचा, ही सवय पडली असावी.

आणि नेमकं त्याच काळात ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटी उभी राहत होती. मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात ‘युनिव्हर्सिटी ऑफ द एअर’ची कल्पना मांडली, त्यांच्या सरकारातल्या मंत्री जेनी ली यांनी ती हट्टाने पुढे रेटली, १९६९ मध्ये सनद मिळाली, १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी शिकायला लागले. विरोधी बाकावरचे इयन मॅक्लाउड तिला चक्क निव्वळ मूर्खपणा म्हणाले होते. बीबीसीवर अवेळी लागणारी तिची लेक्चर्स, दाढीवाले प्राध्यापक आणि त्यांचे रुंद टाय, यावर कॉमेडीवाल्यांनी वर्षानुवर्षं पोट भरलं. तरी ती डिग्री टिकली. का टिकली हे मात्र बातमीत बसत नाही कारण उत्तर कंटाळवाणं आहे: प्रत्येक विद्यार्थ्यामागे ट्यूटर, तपासून परत येणाऱ्या असाइनमेंट, आणि इतर विद्यापीठांतून बोलावलेले बाहेरचे परीक्षक. यावर मथळा कसा करणार?

मग इंटरनेट आलं. १९९७ मध्ये मॅनेजमेंटचे गुरू पीटर ड्रकर यांनी फोर्ब्सला सांगितलं की तीस वर्षांत मोठमोठे कॅम्पस म्हणजे अवशेष उरतील. १९९९ मध्ये सिस्को या नेटवर्किंग कंपनीचे प्रमुख जॉन चेंबर्स म्हणाले की इंटरनेटवरचं शिक्षण इतकं वाढेल की त्यापुढे ईमेल किरकोळ वाटेल, आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या कॉलममध्ये छापून आलं. कोलंबिया विद्यापीठाने काढलेलं फॅदम हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ २००३ मध्ये बंद पडलं, ब्रिटिश सरकारच्या पैशावरचं यूके ई-युनिव्हर्सिटी २००४ मध्ये गुंडाळलं. ड्रकर यांची तीस वर्षं २०२७ ला भरतील, बघू.

त्याच २००४ सालची एक बातमी मला फार आवडते. पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसने ट्रिनिटी सदर्न युनिव्हर्सिटी नावाच्या दुकानाला पकडायला एका मांजराच्या नावाने अर्ज केला. कोल्बी नोलान, काळा बोका, वय सहा. अर्ज साध्या बॅचलर डिग्रीसाठी होता, पण ‘अनुभव’ बघून त्यांनीच सुचवलं की तुम्ही एमबीएला पात्र आहात, आणि वर ३.५ जीपीएची, म्हणजे चारपैकी साडेतीन सरासरीची, मार्कशीट. जगभर ही बातमी फिरली आणि फिरणारच. पण यात कोणी काही शिकवतच नव्हतं, तिथे विकला जात होता फक्त कागद. अशी बोगस दुकानं आणि खरोखर परीक्षा घेणाऱ्या संस्था एकाच ‘ऑनलाइन डिग्री’ या शब्दाखाली आल्या आणि वाचकाच्या डोक्यात त्यांचा काला झाला.

मधला प्रकार जास्त गुंतागुंतीचा. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स, नफ्यासाठी चालणारी, जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ मध्ये काढलेली, १९८९ पासून ऑनलाइन. अमेरिकेत १९९२ पासून नियम होता की ज्या संस्थेचे निम्म्याहून जास्त कोर्स किंवा विद्यार्थी दुरून शिकणारे, तिला सरकारी विद्यार्थी मदतीचा पैसा नाही. ऑनलाइन कोर्सपुरता तो २००६ मध्ये निघाला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन कॉलेजांचं पेव फुटलं. २०१० मध्ये जीएओ या सरकारी तपास यंत्रणेची माणसं विद्यार्थी बनून अशा नफेखोर १५ कॉलेजांत गेली तर पंधराही ठिकाणी दिशाभूल करणारं काहीतरी सांगितलं गेलं. आता यातली मजा बघा, वॉशिंग्टन पोस्ट ज्या कंपनीचं, त्याच कंपनीची कॅप्लन ही अशीच नफ्यासाठी चालणारी शिक्षणसंस्था होती, आणि त्या वर्षांत कंपनीचं निम्म्याहून जास्त उत्पन्न पेपरातून नाही तर कॅप्लनमधून यायचं! पत्रकारांनी बातम्या दाबल्या असं मी म्हणत नाहीये, पण पेपर आणि कॉलेज एकाच ताटात जेवत होते हे वाचकाला माहीत असायला हवं.

नंतर २०११, स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी एआयचा कोर्स फुकट खुला केला, सुमारे १,६०,००० नावं आली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ ला मूकचं वर्ष म्हणून टाकलं. मूक म्हणजे हजारोंना एकदम शिकवणारे ते खुले कोर्स, हा शब्द २००८ चा. थ्रन यांनी वायर्ड मासिकाला सांगितलं की पन्नास वर्षांत जगात उच्च शिक्षणाच्या दहाच संस्था उरतील. मग वर्षभरात वारं फिरलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर थ्रन यांच्या युडॅसिटी या ऑनलाइन कोर्सच्या कंपनीने क्रेडिटचे कोर्स चालवले, पास होणाऱ्यांचं प्रमाण वाईट निघालं, प्रयोग थांबला, आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये थ्रन स्वतःच म्हणाले की आमचं प्रॉडक्ट भिकार आहे.

इथे आकड्यांशी काय झालं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. १,६०,००० हा आकडा आधी ‘केवढे लोक’ म्हणून आला. मग तोच छेदात गेला आणि ‘केवढी गळती’ झाली, कारण शेवटपर्यंत पोचले वीस हजारांच्या आसपास. पण नाव नोंदवायला एक क्लिक लागते, ना पैसे ना प्रवेश परीक्षा, कोणी नुसतं डोकावायला येतो, कोणी दोन व्हिडिओ बघून जातो. लायब्ररीत शिरणाऱ्या प्रत्येकाला नापास धरण्यासारखं आहे हे. आणि वीस हजार लोकांनी एक अवघड कोर्स पूर्ण केला ही बातमी मधल्या मधे हरवली.

किंमतीबद्दल म्हणाल तर एक चांगला अभ्यास आहे, अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग आणि सहकाऱ्यांचा, २०१६ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या शोधपत्रिकेत आलेला. त्यांनी खोटे बायोडेटा खऱ्या नोकऱ्यांना पाठवले. नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची बिझनेस डिग्री लिहिली तर, फार निवडक नसलेल्या सरकारी विद्यापीठाच्या डिग्रीपेक्षा कॉलबॅक, म्हणजे कंपनीकडून उलट येणारे फोन, सुमारे २२ टक्क्यांनी कमी. मथळ्यात याचं ‘ऑनलाइन डिग्रीला भाव कमी’ होऊन जातं, पण त्यात संस्था कोणाची हाही भाग आहे आणि तो शब्द पहिला गळतो. उलट बाजूला जॉर्जिया टेकचं कॉम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन मास्टर्स, २०१४ पासून, फी कॅम्पसच्या मानाने अगदीच थोडी, पण डिग्रीचं नाव तेच आणि प्रमाणपत्रावर ऑनलाइन हा शब्दच नाही. बघणाऱ्याला फरक कळायचा कुठून?

मार्च २०२० मध्ये सगळे घरी बसले आणि ‘ऑनलाइन शिक्षण फसलं’ अशा बातम्यांचा पूर आला. त्याच महिन्यात काही संशोधकांनी लिहून ठेवलं होतं की हे ऑनलाइन शिक्षण नाही, आणीबाणीतली सोय आहे, दोन्हीला एकच नाव देऊ नका. कोणी ऐकलं नाही. २०२०-२१ मध्ये हार्वर्डने सगळे वर्ग ऑनलाइन घेतले आणि ट्यूशन फी पूर्ण आकारली. इतर बऱ्याच कॉलेजांवर फी परत मागणारे खटलेही झाले, भांडण सगळं पैशाचं. त्या वर्षी लॅपटॉपसमोर बसून पास झालेल्यांच्या डिग्रीला किंमत आहे का, असा मथळा मला तरी कुठे दिसला नाही.