ग्लॅटिरॅमर ॲसिटेट

मल्टिपल स्क्लेरोसिस या, मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाची हानी करणाऱ्या विकारात रोगाचे झटके कमी व्हावेत म्हणून त्वचेखाली टोचून दिले जाणारे संश्लेषित औषध. संशोधनाच्या काळात ते ‘कोपॉलिमर-१’ या नावाने ओळखले जाई. ॲलानीन, लायसीन, ग्लुटामिक अम्ल व टायरोसीन या चार ॲमिनो अम्लांपासून बनलेल्या, कमीअधिक लांबीच्या शृंखलांचे ते मिश्रण आहे. अम्लांचे परस्परप्रमाण ठरलेले असले, तरी शृंखलेतील त्यांचा क्रम ठरलेला नसल्याने या औषधाला एकच रचनासूत्र देता येत नाही.

इझ्राएलमधील वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन व द्वोरा टायटेलबाउम यांनी साधारणपणे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम हाती घेतले. चेतातंतूंवरील मायलिन आवरणातील एक प्रथिन प्राण्यांना टोचल्यास त्यांच्यात मल्टिपल स्क्लेरोसिससारखा विकार उद्भवतो. या प्रथिनाशी साधर्म्य असलेल्या कृत्रिम शृंखलांनीही तो उत्पन्न होतो का, हे पाहण्याचा मूळ हेतू होता. विकार उत्पन्न झाला नाही. उलट काही शृंखलांनी तो दडपला, असे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून हा शोध योगायोगाने लागल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. तथापि अनपेक्षित असे फक्त पहिले निरीक्षण होते. त्यानंतर निरनिराळ्या शृंखला व प्राणिजाती घेऊन केलेली तपासणी पद्धतशीर होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रुग्णांवरील प्राथमिक प्रयोग १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये मरी बॉर्नस्टाइन व सहकाऱ्यांनी ५० रुग्णांवरील दुहेरी अंध चाचणीचे (कोणाला औषध मिळते हे रुग्ण व तपासणारे डॉक्टर या दोघांनाही माहीत नसलेल्या चाचणीचे) निष्कर्ष मांडले: दोन वर्षांत छद्मौषध (औषधी गुण नसलेला पर्याय) घेणाऱ्या गटात ६२, तर औषध घेणाऱ्या गटात १६ झटके नोंदले गेले. लहान गटात दिसलेला एवढा ठळक फरक सावधपणेच वाचावा लागतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत झटक्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले आणि त्यापुढच्याच वर्षी तेथे औषधाला मान्यता मिळाली. सुरुवातीपासूनच सतत वाढत जाणाऱ्या प्रकारात मात्र, ९४३ रुग्णांच्या चाचणीत अपंगत्वाची वाढ रोखण्याबाबत लक्षणीय लाभ सिद्ध झाला नाही.

औषधाच्या क्रियेविषयी मतभेद आहेत. टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींपैकी दाहकारक पेशींऐवजी दाहशामक पेशींना चालना मिळते, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित आहे. प्रतिजन (प्रतिकारशक्तीला चेतवणारा पदार्थ) टी-पेशींपुढे सादर करणाऱ्या पेशींमधील बदल त्याआधी घडतात, असे नंतरच्या अभ्यासांवरून दिसते.