हत्तीचा मद, वाघाची फवारणी: गंधखुणांच्या शोधाची पार्श्वभूमी

माजावर आलेल्या म्हशीचं मूत हुंगून रेडा मान उंचावतो, वरचा ओठ मुडपतो आणि काही क्षण तसाच थांबतो. गोठ्यात वावरलेल्यांना हे नवीन नाही. टाळूच्या वरच्या अंगाला, नाकाच्या तळाशी असलेल्या एका छोट्या इंद्रियापर्यंत तो त्या मुताचा अंश पोचवत असतो. डॅनिश शल्यचिकित्सक लुडविग याकोबसन यांनी १८११ मध्ये या इंद्रियाचं वर्णन केलं होतं. मात्र वासाचा सस्तन प्राण्यांच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसायला पुढची जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

१९५९ हे वर्ष यात महत्त्वाचं. जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्या पतंगांपासून नराला खेचून आणणारं एकच रसायन वेगळं काढलं. त्याच वर्षी अशा रसायनांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळालं. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हिल्डा ब्रूस यांनी उंदरांवरचं एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. नुकताच समागम झालेल्या उंदरीजवळ परका नर आणला, की पुष्कळदा तिचा गर्भ रुजतच नाही आणि ती काही दिवसांत पुन्हा माजावर येते. नराने तिला शिवायचीही गरज नाही, त्याचा वास पुरतो. मेंदूतला गंधाचा भाग काढून टाकलेल्या माद्यांवर मात्र परक्या नराचा काही परिणाम होत नव्हता.

याच्या थोडं आधी नेदरलँड्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात दिसलं होतं, की उंदरांच्या नुसत्या माद्या दाटीवाटीने ठेवल्या तर त्यांचं ऋतुचक्र बिघडतं, आणि नराचा वास आला की ते पुन्हा सुरू होतं. वास म्हणजे फक्त ओळखीची खूण नव्हे, तो थेट संप्रेरकांपर्यंत पोचतो, असा याचा अर्थ होता.

पण नाव पतंगांच्या अभ्यासातून आलं आणि सोबत एक अपेक्षाही आली: प्रत्येक वागणुकीमागे एक रसायन. माझ्या मते या अपेक्षेने सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाला बरीच वर्षं आडवाटेला नेलं. डुकरात ती खरी ठरल्यासारखी वाटली. वराहाच्या लाळेतल्या अँड्रोस्टेनोनच्या वासाने माजावरची मादी जागच्या जागी उभी राहते, त्याचे फवारे कृत्रिम रेतनासाठी विकलेही गेले. पण पुढे कळलं, की याकोबसनचं इंद्रिय बंद केलं तरी मादी तशीच उभी राहते, म्हणजे हे काम साध्या नाकानेच होतं. माणसाच्या बाबतीत १९७१ मध्ये वसतिगृहातल्या मुलींची पाळी एकाच सुमाराला येऊ लागते असा निष्कर्ष गाजला, तो नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही. ‘फेरोमोन’ लिहून अत्तरं विकणाऱ्यांचं मात्र काही बिघडलं नाही.

खरी गंमत हत्तीत सापडली. १९९६ मध्ये बेट्स रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी आशियाई हत्तिणीच्या मुतातून नरांना माजाची सूचना देणारं रसायन शोधलं. तेच रसायन शंभराहून अधिक जातींचे पतंगही वापरतात! पतंग आणि हत्ती यांच्यात घोटाळा होत नाही, कारण अर्थ रसायनात नसून घेणाऱ्यात आणि प्रमाणात असतो. मस्तीत आलेल्या नर हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणाऱ्या मदाचंही तसंच. संस्कृत कवी गजमदावर भुंगे झेपावतात असं लिहीत आले. त्याला अलंकार म्हणून सोडून द्यायला नको, कारण कोवळ्या नरांच्या मदाला मधासारखा गोड वास येतो, असं २००२ मध्ये नोंदलं गेलं. प्रौढ नराचा मद उग्र असतो आणि त्याचा वास आला की तरुण हत्ती बाजूला होतात. त्यामुळे झुंजीची वेळच बहुतेक येत नाही.

वाघाच्या बाबतीत काम भारतात झालं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी यांनी ओडिशातल्या जशीपूरला वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी वाढवलेल्या खैरी या वाघिणीचा अभ्यास केला. वाघ शेपूट उचलून मागे झाडावर जो फवारा मारतो, त्यात बासमतीला सुगंध देणारंच रसायन आहे, हे १९९० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं. आपल्या आंबेमोहोराचा वासही त्याचाच. फवाऱ्यात चरबीचे घटकही असतात, ते वास धरून ठेवतात, म्हणून पुढे येणाऱ्या वाघाला खूण उशिरापर्यंत वाचता येते.

ब्रूस यांच्या उंदरीला ‘आपला’ आणि ‘परका’ नर कसा कळतो, याचा एक धागा २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांच्या गटाला मिळाला. नराच्या मुतात एक प्रथिन असतं. मादीचं नाक त्याला लागलं, की त्या प्रथिनाची ओढ तर तिला जन्मजात असतेच, पण त्याच वेळी त्या विशिष्ट नराचा स्वतःचा गंधही ती शिकते आणि पुढे दुरूनही त्यालाच पसंती देते.