ओझोनवर सगळं जग एकमत झालं, ते कसं?

हवामान परिषद फिसकटली की ‘जगाचं कशावरच एकमत होणार नाही’ हे ऐकू येतंच. पण सूर्याचे घातक अतिनील किरण अडवणारा ओझोनचा थर वाचवणाऱ्या माँट्रियल कराराला २००९पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाने मान्यता दिली. एकही देश बाहेर राहिला नाही.

सुरुवातीला मात्र शास्त्रज्ञांतच वाद होते. फ्रीज आणि स्प्रेमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंमुळे ओझोन नष्ट होईल, असा इशारा मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४मध्येच दिला होता. १९८५मध्ये ओझोनची मोठी घट दिसली ती अंटार्क्टिकावर, जिथे ना कारखाने ना वस्ती! कोणी सूर्याच्या चक्राला दोष दिला, कोणी वाऱ्यांना, कोणी सीएफसीतल्या क्लोरीनला.

खरी गंमत थंडीत आहे. ध्रुवीय हिवाळ्यात तिथली हवा भोवऱ्यात कोंडली जाते आणि तापमान उणे ७८ अंशांखाली उतरतं. एरवी कोरड्या असलेल्या स्थितांबरातही (वातावरणाच्या ज्या वरच्या थरात ओझोन असतो तिथेही) मग ढग तयार होतात. सीएफसीतून सुटलेला क्लोरीन एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकलेला असतो. या ढगकणांच्या पृष्ठभागावर ती संयुगं एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि क्लोरीन वायू सुटतो. वसंतात सूर्य उगवला की त्याचे अणू वेगळे होतात. असा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून क्लोरीन मोनॉक्साइड बनतो. असे दोन रेणू जुळतात, ऊन ती जोडी फोडतं आणि क्लोरीन पुन्हा मोकळा! तो स्वतः खर्ची पडतच नाही, म्हणून एक अणू हजारो ओझोन रेणू संपवतो.

हे सिद्ध कसं झालं? १९८७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिलीच्या पुंता अरेनासहून नासाचं एकच वैमानिक बसेल असं ईआर-२ विमान थेट त्या भोवऱ्यात शिरलं. आलेखावर क्लोरीन मोनॉक्साइडची रेघ जिथे उसळली, नेमकी तिथेच ओझोनची कोसळली. सूर्यचक्र किंवा नुसते वारे यांनी असा आलेख निघूच शकत नाही. वाद तिथे मिटला.

करारावर सह्या झाल्या त्याच सप्टेंबरात, पण तेव्हा सीएफसी फक्त निम्म्यावर आणायचं ठरलं होतं. पूर्ण बंदी ठरली १९९०मध्ये, लंडनला, हा पुरावा हाती आल्यावर. आणि शास्त्र पटलं तरी प्रश्न उरला पैशांचा. नवं तंत्रज्ञान परवडायचं कसं, हा भारताचा सवाल अगदी रास्त होता. लंडनमध्येच विकसनशील देशांसाठी निधी ठरला आणि १९९२मध्ये भारत करारात सामील झाला.