चॉयोंगमू : 'अखंड परंपरा' या शब्दामागे काय आहे?

चॉयोंगमू या कोरियन दरबारी मुखवटानृत्याला 'अखंड परंपरा' म्हटले जाते. त्याची कथा कोरियातील जुन्या सिल्ला राज्याच्या नवव्या शतकातील आहे. पूर्व समुद्राच्या नागराजाचा पुत्र चॉयोंग याने आपल्या घरात शिरलेल्या रोगदेवतेला गाण्याने आणि नाचाने शरण आणले आणि तेव्हापासून लोक त्याचे चित्र दारावर लावू लागले, असे तेराव्या शतकातील 'सामगुक युसा' हा कथा-इतिहासाचा ग्रंथ सांगतो. वर्षाअखेरीस राजवाड्यातून दुष्ट शक्ती हाकलण्याच्या विधीत हे नृत्य होत असे. आरंभी एकच नर्तक होता. पंधराव्या शतकात कोरियातील जोसन राजवंशाच्या दरबाराने पाच नर्तकांची रचना बसवली आणि निळा, पांढरा, तांबडा, काळा व पिवळा या रंगांतून चार दिशा आणि मध्य उभे केले.

आजच्या नृत्याचे मूळ मात्र विसाव्या शतकात अधिक शोधावे लागते. 1910 मध्ये जपानने कोरिया ताब्यात घेतल्यावर ज्या दरबारासाठी हे नृत्य होते, तो दरबारच सत्ताहीन झाला. 1920च्या दशकात उरल्यासुरल्या राजघराण्याच्या संगीत विभागाने ते पुन्हा बसवले आणि तरुण वादकांना शिकवले. या कामी जुना आधार होता तो 1493 च्या 'आकहाक ग्वेबोम' या संगीतग्रंथाचा, ज्यात नर्तकांच्या जागा, वेश आणि मुखवट्याची घडण नोंदलेली आहे.

त्या शिक्षणातून आलेल्या पिढीच्या हातून नृत्य पुढे गेले आणि 1971 मध्ये त्याला दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत 39 वा क्रमांक मिळाला. इथेच 'अखंड परंपरा' हा शब्द अडचणीचा ठरतो. राजवाड्यातील विधी रंगमंचावर आला, तेव्हा त्याचा काळ, प्रेक्षक आणि हेतू हे तिन्ही बदलले. ग्रंथातील आकृती नर्तकाची जागा दाखवते. एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाताना शरीराचा भार कसा सरकतो, हे ती दाखवू शकत नाही. ती उणीव शिकवणाऱ्यांनी आपल्या जाणकारीने भरून काढली. त्या श्रमांना 'पुनर्रचना' म्हणण्यात कमीपणा नाही, उलट 'अखंड' म्हटले की ते श्रमच झाकले जातात.

2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत या नृत्याचा समावेश झाला. मुखवटा अजूनही तांबूस चेहऱ्याचा आणि शुभ्र दातांचा असतो, कानांत कथलाच्या कड्या असतात आणि काळ्या टोपीवर दोन पिओनी फुले व सात पीच फळे खोचलेली असतात. फुले समृद्धीसाठी आणि पीच भुतांना दूर ठेवण्यासाठी.