कॉन्सुलर मदत आणि राजनैतिक हस्तक्षेप: 'दूतावासाने काहीतरी करावं' म्हणण्याआधी

एखादा भारतीय परदेशात पकडला गेला की दोन-तीन दिवसांत तीच तीच वाक्यं कानावर पडू लागतात. 'दूतावास झोपलाय का?' 'कॉन्सुलर अॅक्सेस मिळालाय, म्हणजे आता सुटेलच.' 'मंत्र्यांनी एक फोन केला तर काम होईल.' तिन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. परराष्ट्र मंत्रालय राजनैतिक आणि कॉन्सुलर अशी दोन अगदी वेगळी कामं करतं आणि आपण ती दोन्ही 'दूतावासाची मदत' या एका नावाखाली कोंबतो. चॅनेलवरच्या चर्चेत हे खपून जातं. ज्यांचा माणूस तुरुंगात आहे त्यांना मात्र हा घोळ महागात पडतो. चुकीच्या दाराशी चुकीची मागणी घेऊन ते उभे राहतात आणि पहिले महत्त्वाचे दिवस निघून जातात.

राजनैतिक काम काय असतं हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. राजदूत, शिष्टमंडळं, करार, वाटाघाटी, एखाद्या देशाच्या दूताला बोलावून दिलेली समज. सरकार सरकारशी बोलतं. १९६१चा राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार हा त्याचा पाया. कॉन्सुलर कामासाठी १९६३चा वेगळा व्हिएन्ना करार आहे. पासपोर्ट, व्हिसा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, कागदपत्रांचं साक्षांकन, मृतदेह मायदेशी पाठवण्याची कागदपत्रं आणि अटकेतल्या नागरिकाची भेट (हाच 'कॉन्सुलर अॅक्सेस') ही सगळी त्यातली कामं.

किरकोळ फरक भराभर उरकतो. राष्ट्रकुलातल्या देशांत आपलं 'उच्चायुक्तालय' असतं आणि इतरत्र 'दूतावास', काम तेच. मोठ्या देशांत राजधानीबाहेरच्या शहरांत 'महावाणिज्य दूतावास' असतो, ज्याला लोक कॉन्सुलेट म्हणतात. पण दूतावासाच्या आतही कॉन्सुलर विभाग असतोच, त्यामुळे दारावरची पाटी वाचून आत कोणतं काम चालतं हे ठरवू नका. 'दूतावासाची जागा म्हणजे भारताची भूमी' हेही चूक. जमीन त्या यजमान देशाचीच असते, तिथले पोलिस परवानगीशिवाय आत येऊ शकत नाहीत इतकंच. अधिकाऱ्यांना अटक-खटल्यापासून मिळणाऱ्या संरक्षणातही फरक आहे. डिसेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या उपमहावाणिज्यदूतांना घरकामगाराच्या व्हिसा प्रकरणात अटक झाली, कारण कॉन्सुलर अधिकाऱ्याला मिळणारं संरक्षण मुख्यतः त्याच्या अधिकृत कामापुरतं असतं. पुढे त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या कायमस्वरूपी प्रतिनिधिमंडळात झाली, पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं आणि जानेवारी २०१४मध्ये त्या अमेरिकेबाहेर पडल्या. हा फरक अधिकाऱ्यांच्या कामाचा. सामान्य माणसाला ठेच लागते ती दुसऱ्याच जागी.

कॉन्सुलर मदत त्या देशाच्या कायद्याच्या आत राहून केली जाते. राजनैतिक हस्तक्षेपात त्या देशाच्या सरकारला सांगितलं जातं की, तुमच्या हातात जे आहे ते आमच्यासाठी वापरा. पहिल्यासाठी एक लिखित नियम आहे आणि तो मोडला तर जाब विचारता येतो. दुसऱ्यासाठी नियम नाही, दोन्हीकडच्या सरकारांची इच्छा लागते.

आधी नियम. १९६३च्या कराराचं ३६वं कलम म्हणतं की, परदेशी नागरिकाला अटक केल्यावर 'तुमच्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवा असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे', असं त्याला विनाविलंब सांगायला हवं. तो हो म्हणाला तर कॉन्सुलेटला कळवायला हवं. कॉन्सुलर अधिकाऱ्याला त्याला भेटता, बोलता, पत्रव्यवहार करता आला पाहिजे आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करता आली पाहिजे. कलम एवढंच आहे. सुटकेविषयी, खटला मागे घेण्याविषयी, शिक्षा कमी करण्याविषयी त्यात एक शब्द नाही. उलट याच कराराचं ५५वं कलम कॉन्सुलर अधिकाऱ्यांनाच बजावतं की यजमान देशाचे कायदे पाळा, त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नका.

प्रत्यक्ष भेटीत काय घडतं ते बघा. अधिकारी आधी पासपोर्ट क्रमांकावरून माणूस आपलाच आहे ना याची खात्री करतो. भेटीत विचारतो: मारहाण झाली का, जखमा आहेत का, रोजची औषधं मिळतात का, आरोप काय आहे हे समजेल अशा भाषेत सांगितलं का, दुभाषा होता का, कोणत्या कागदावर सही घेतली, वकील आहे का, घरी काय सांगायचं. तक्रार असेल तर ती तुरुंग प्रशासनाकडे किंवा तिथल्या परराष्ट्र खात्याकडे मांडतो. गरजू माणसासाठी भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलाचा प्राथमिक खर्चही होऊ शकतो. हा निधी २००९मध्ये सुरू झाला आणि कॉन्सुलर सेवांवर घेतलेल्या छोट्या अधिभारातून तो उभा राहतो. या अधिकाऱ्याला न्यायाधीशाशी बोलता येत नाही, साक्षीपुराव्यावर मत देता येत नाही, जामीनदार होता येत नाही. 'अधिकारी येऊन गेला आणि काहीच झालं नाही' अशी तक्रार घरचे करतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण पुष्कळदा तो आल्यामुळेच मारहाण थांबलेली असते आणि दुभाषा मिळालेला असतो. माणूस परक्या कोठडीत असताना हे थोडं नसतं.

आता दुसरी बाजू. राजनैतिक हस्तक्षेपाची सुरुवात बहुधा साध्या कागदाने होते. त्याला 'नोट व्हर्बाल' म्हणतात. 'भारताचा दूतावास आपल्या मंत्रालयाला आदरपूर्वक कळवतो की' अशा धर्तीवर तृतीयपुरुषात लिहिलेला, सही नसलेला, आद्याक्षरं आणि शिक्का असलेला. त्यानंतर राजदूत स्वतः जाऊन बोलतो, मग परराष्ट्रमंत्री, आणि अगदीच तसं प्रकरण असेल तर पंतप्रधान. प्रत्येक पायरीवर समोरचं सरकार मनात नोंद करतं की यांनी आपल्याकडे काही मागितलं, आणि कधी ना कधी त्याची परतफेड मागतं. म्हणूनच हे पाऊल उचलायचं की नाही हे सरकार ठरवतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७०च्या बार्सिलोना ट्रॅक्शन निकालात हेच म्हटलं: आपल्या नागरिकाला राजनैतिक संरक्षण द्यायचं का आणि किती, हे त्या राष्ट्राने ठरवायचं. नागरिकाला ते विनंती करून मागता येतं, हक्काने वसूल करता येत नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण कुटुंबाला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगणं मला खोटा दिलासा देण्यापेक्षा जास्त माणुसकीचं वाटतं.

दोन प्रकरणं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांसमोर उभा राहतो.

कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६मध्ये ताब्यात घेतलं आणि एप्रिल २०१७मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारताने वारंवार मागूनही कॉन्सुलर भेट दिली गेली नाही. मे २०१७मध्ये भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. डिसेंबर २०१७मध्ये जाधव यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादेत त्यांना काचेआडून भेटल्या. आपले उपउच्चायुक्त सोबत होते, पण ही कॉन्सुलर भेट नव्हे असं पाकिस्ताननेच सांगितलं. इथेही लोक फसतात: घरच्यांनी घेतलेली भेट आणि ३६व्या कलमाखालची भेट या निराळ्या गोष्टी आहेत. १७ जुलै २०१९ला निकाल लागला. पाकिस्तानने ३६वं कलम मोडलं, हेरगिरीचा आरोप असला तरी हे कलम लागू होतं, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हायला हवा, असं न्यायालय म्हणालं. शिक्षा रद्द करून जाधव यांना सोडा ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. त्या संध्याकाळी आपल्याकडे जल्लोष झाला आणि पुष्कळांना वाटलं की सुटका आता दिवसांवर आली. तसं होणार नव्हतं. न्यायालयाला अधिकार मिळाला होता तो कॉन्सुलर कराराच्या जोडकरारातून, त्यामुळे निकालही त्या कराराच्या भंगापुरताच राहणार होता. पहिली कॉन्सुलर भेट २ सप्टेंबर २०१९ला झाली. नियम मोडल्याचा जाब घेता आला, सुटका त्या नियमात नव्हतीच.

कतारचं प्रकरण नेमकं उलटं. भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२२मध्ये दोह्यात अटक झाली. तिथे कॉन्सुलर भेटी मिळत होत्या, घरच्यांशी बोलणं होत होतं, वकील होते. तरीही ऑक्टोबर २०२३मध्ये फाशीची शिक्षा झाली. म्हणजे कॉन्सुलर मदत मिळत असतानाही फाशी होऊ शकते. पुढे अपील झालं, सुनावणीला आपले राजदूत हजर राहिले, २८ डिसेंबरला फाशी रद्द होऊन कैद झाली आणि १२ फेब्रुवारी २०२४ला आठही जणांच्या सुटकेची घोषणा झाली. परराष्ट्र मंत्रालयाने आभार मानले ते कतारच्या अमिरांच्या निर्णयाचे. शेवटचं दार राजनैतिक किल्लीने उघडलं. अशा वाटाघाटींचा तपशील सहसा जाहीर होत नाही आणि माझ्या मते होऊही नये, कारण समोरच्या सरकारला आपल्या लोकांपुढे 'आम्ही दबावाखाली झुकलो' असं दिसणं परवडत नाही. कुटुंबाने रोज कॅमेऱ्यासमोर यावं असा सल्ला देणाऱ्यांचं म्हणूनच मला पटत नाही. काही प्रकरणांत आवाज उठवावाच लागतो, पण तो शेवटचा उपाय असावा.

युद्धात आणि आपत्तीत ही दोन्ही कामं एकमेकांत इतकी मिसळतात की घोळ होणं स्वाभाविक आहे. २०२२च्या युक्रेन युद्धात विद्यार्थ्यांच्या याद्या करणं, नियंत्रण कक्षाचे फोन घेणं, पासपोर्ट हरवलेल्याला भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देणं हे कॉन्सुलर काम होतं. शेजारी देशांनी आपल्या मुलांना व्हिसाविना आत घ्यावं म्हणून बोलणं हे राजनैतिक. युक्रेनमधल्या सुमी शहरात सुमारे ७०० विद्यार्थी गोळीबारात अडकले होते. त्यांची नावं यादीत होती, बसगाड्यांची सोय होती, पण दोन्ही सैन्यांनी वाट मोकळी केल्याशिवाय चाक हलणार नव्हतं. पंतप्रधान ७ मार्चला पुतिन आणि झेलेन्स्की या दोघांशी बोलले आणि ८ मार्चला बसगाड्या पोल्टावा शहराकडे निघाल्या. एक लक्षात ठेवा: दूतावासाकडे नाव नोंदवलं नसेल तर वाट मोकळी होऊनही तुम्ही त्या बसमधून राहून जाऊ शकता. परदेशी जाणारे नोंदणीचा अर्ज 'बघू नंतर' म्हणून टाळतात याचा मला मनापासून राग येतो.

पालघरच्या आणि गुजरातच्या मच्छीमारांच्या बाबतीतही हीच गल्लत होते. बोट पाकिस्तानच्या हद्दीत गेली, खलाशी पकडले गेले, की इकडे 'सरकारने पाकिस्तानशी बोलावं' अशी मागणी होते. पण २००८मध्ये दोन्ही देशांत कॉन्सुलर भेटीचा करार झालेला आहे. १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, अटकेपासून तीन महिन्यांत भेट द्यायची असते, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री झाली की महिन्याभरात सोडायचं असतं. ही मुदत सर्रास पाळली जात नाही आणि तिथे राजनैतिक रेटा हवाच. पण नागरिकत्वाची खात्री आपल्याकडच्या कागदांवरून होते. खलाशाचं ओळखपत्र, गावचा पत्ता, बोटीची नोंदणी हे जुळलं नाही तर फाइल आपल्याच बाजूला अडते. मोर्चा काढण्याआधी हे कागद पोहोचले का ते बघा.

तेव्हा आपला माणूस परदेशात पकडला गेल्याचा फोन आला की पहिली मागणी ही करा: अटकेतल्या माणसाने 'माझ्या कॉन्सुलेटला कळवा' असं स्पष्ट, जमल्यास लेखी सांगावं. त्याने मागितल्याशिवाय कळवण्याचं बंधन या कलमाने येत नाही. मग परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि त्यात पासपोर्ट क्रमांक, अटकेची तारीख, ठिकाण, कोणत्या यंत्रणेने पकडलं आणि आजार असल्यास औषधांची नावं लिहा. अर्जात 'सुटका करावी' असं लिहू नका. 'कॉन्सुलर भेट घ्यावी, प्रकृतीची चौकशी करावी, वकिलांची यादी द्यावी' असं लिहा, कारण या मागण्यांवर कॉन्सुलर अधिकारी लगेच कामाला लागू शकतो. सुटकेसाठीची विनंती स्वतंत्र पत्राने, खासदारांमार्फत किंवा थेट, परराष्ट्र मंत्रालयाकडे करा आणि खटल्याची कागदपत्रं हाती आल्यावर करा.

हे सगळं भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. तुमच्या भाच्याने कॅनडाचा पासपोर्ट घेतला असेल आणि तो दुबईत अडकला, तर त्याच्या कोठडीत भेटायला येण्याचा हक्क कॅनडाच्या कॉन्सुलर अधिकाऱ्याचा आहे, आणि फोनही तिथेच करायचा.