लेन्स आणि गिधाड यांच्यामधली हवा

सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरात पाणपक्षी, गिधाडे आणि उंच कातळकडे अशी सगळी विविधता नाशिककरांच्या वाट्याला आलेली आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ आहे, त्र्यंबक रस्त्याला अंजनेरी आहे आणि शहराच्या उत्तरेला बोरगड आहे. तरीही दिवसभर फिरून काढलेली छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहिली की पुष्कळदा हिरमोड होतो आणि त्याचे खापर लेन्सवर फोडले जाते. माझ्या मते बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. दोष तिच्या आणि पक्ष्याच्या मधे असलेल्या हवेचा असतो.

नांदूर मध्यमेश्वरचेच उदाहरण घेऊ. ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेल्या या जलाशयाला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि तो मिळवणारे हे महाराष्ट्रातले पहिले ठिकाण ठरले. हिवाळ्यात बदकांचे थवे उथळ पाण्यावर उतरलेले असतात. काठावरून दीडदोनशे मीटरवरचा शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी ६०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपला आणि चित्र मोठे केले, तर त्याचे काडीसारखे गुलाबी पाय जागोजागी वाकलेले दिसतात, चोचीला दोन कडा दिसतात आणि डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका पसरट होतो. एका दमात दहा चित्रे काढली, तर दहाही चित्रांत पाय वेगवेगळ्या जागी वाकतात. फोकस चुकला असता, तर सारे चित्र सारखेच मऊ आले असते. पाय असे नागमोडी झाले नसते.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो हे ठरवणारा आकडा, निर्वात पोकळीपेक्षा जेमतेम ०.०००३ ने जास्त असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की तो दहा लाखांत एक भाग एवढाच कमी होतो. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण गरम आणि गार हवेचे लहानमोठे पुंजके शेकडो मीटर अंतरात एकामागून एक आडवे येतात, प्रत्येक पुंजका प्रकाशकिरण किंचित वाकवतो आणि लांब पल्ल्याची लेन्स पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करून दाखवते. म्हणून अधिक महागडी लेन्स हा यावरचा उपाय नव्हे. अंतर कमी करणे, किंवा ते शक्य नसेल तर हवा शांत असेल ती वेळ गाठणे, एवढेच हातात उरते. पुंजके क्षणाक्षणाला बदलत असल्यामुळे भरपूर चित्रे काढली की त्यांतले एखादे नशिबाने स्वच्छ येते. खगोलछायाचित्रकार ग्रहांची चित्रे टिपताना याच युक्तीचा आधार घेतात.

शांत वेळ कोणती, याचे उत्तर मात्र जमीन आणि पाणी यांसाठी वेगवेगळे आहे. जमीन सूर्योदयानंतर तासादोनतासांत तापते आणि तिच्यालगतची हवा उकळू लागते, त्यामुळे काळविटांसारख्या माळरानावरच्या प्राण्यांसाठी पहाटच बरी. पाण्याचे तसे नाही. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा पहाटे जलाशयाचे पाणी वरच्या हवेपेक्षा कोमट असते, त्यातून वाफा निघतात आणि गारठ्यातही पाण्यालगतची हवा थरथरत राहते. पुढे ऊन वाढून हवा पाण्याइतकी उबदार झाली की ही थरथर ओसरते. तेव्हा थंडीत पाणपक्ष्यांसाठी पहाटेच्या सोनेरी प्रकाशाचा हट्ट धरण्यापेक्षा थोडे उशिरा कॅमेरा उचललेला बरा. गाडीत हीटर लावून खिडकीतून लेन्स बाहेर काढणाऱ्यांनी तर पक्ष्याला नावे ठेवूच नयेत, कारण खिडकीतून बाहेर पडणारी गरम हवा थेट लेन्ससमोरच नाचत असते.

गिधाडांच्या बाबतीत खरा पेच पडतो. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. पाचसहा किलो वजनाचा आणि सुमारे दोन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी पंख मारत फार काळ उडू शकत नाही; तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात शिरून घिरट्या घालत तो उंची गाठतो. म्हणजे ज्या उष्णतेने चित्र बिघडते, तिच्यावाचून गिधाड आकाशात दिसायचेच नाही. यातून वाट निघते ती उभे राहण्याच्या जागेने. हवेची उकळी जमिनीलगतच्या काही मीटरांत सर्वाधिक असते. पायथ्याच्या माळावरून आडवी नजर लावली तर सगळा दृष्टिपथ त्या उकळीतून जातो. पठाराच्या कडेवरून दरीपल्याड पाहिले तर तो जमिनीपासून बराच उंचावरून जातो, शिवाय पक्षी नजरेच्या पातळीवर येतो. मात्र हिवाळा हा त्यांच्या विणीचा हंगाम असतो. घरट्याच्या कड्यावर जाऊन डोकावण्याने मिळणारे चित्र मला कोणत्याही किमतीवर नको आहे.

डोंगरांच्या चित्रांत हवेचा उपद्रव निराळा असतो. अंजनेरीच्या सुमारे १,२८० मीटर उंचीवरून आग्नेयेकडे कळसूबाई साधारण ४० किलोमीटर पडते. निव्वळ स्वच्छ हवेतून ३०० किलोमीटरपर्यंत दिसू शकते, तेव्हा कळसूबाई दिसत नसेल तर त्याचे कारण धूळ, धूर आणि बाष्प धरून फुगलेले सूक्ष्म कण हेच असते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार राहते, त्यामुळे खालची हवा वर जात नाही. द्राक्षबागा थंडीपासून वाचवण्यासाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूरही त्या झाकणाखाली साचतो. पावसाने कण धुऊन काढलेले असतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरचे उघडे दिवस म्हणूनच सर्वांत चांगले.

त्या दिवसांतही कळसूबाईसाठी मी सकाळपेक्षा साडेचार-पाचची वेळ निवडेन. हवेतले कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून सूर्याच्या बाजूला पाहताना धुरके अधिक उजळ दिसते. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे कळसूबाईच्या बराच जवळच्या दिशेला असतो. सायंकाळी तो जवळपास काटकोनात येतो. सूर्याशी काटकोन करणाऱ्या दिशेतला विखुरलेला प्रकाश सर्वाधिक ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, असल्यामुळे असा प्रकाश अडवणारा पोलरायझर फिल्टरही तेव्हाच पुरेपूर उपयोगी पडतो. उरलेले धुरके संगणकावर बरेचसे काढता येते, कारण ते चित्रावर पसरलेल्या प्रकाशाच्या थरासारखे असते आणि अंतराच्या हिशेबाने वजा करता येते. शेकाट्याचे वाकलेले पाय मात्र एकाच चित्रावरून विश्वासाने सरळ करता येत नाहीत. प्रत्येक ठिपका वेगळ्या दिशेला सरकलेला असतो.

या सगळ्यातून सुटका हवी असेल त्याने पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर गुडघे टेकावेत. येथेच सापडलेल्या आणि २००६ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवल्या गेलेल्या सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पासमोर लेन्स वीतभर अंतरावर असते, तेव्हा मधली हवा अडवत नाही. अडचण येते ती वातानुकूलित गाडीतून काढलेल्या गार काचेवर दमट हवा साचून धुके धरण्याची. कॅमेरा पिशवीतून न काढता पिशवीसकट बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, आणि तोवर पाय कोठे पडतो आहे हे पाहून घ्यावे, कारण या अतिसंकटग्रस्त वनस्पतीची रोपे गवतात चटकन ओळखू येत नाहीत.